सही वाळेपर्यंत

आमच्या घरात पंखा लावायचा की नाही, हे गेली नऊ वर्षं एका गाण्याच्या कंपनीच्या हातात आहे.

माझी मेहुणी गाते. साधंसुधं नाही, आशियातल्या अकरा बाजारपेठांत एकाच दिवशी गाते. म्हणजे तिचं गाणं त्या सगळीकडे एकाच दिवशी बाहेर पडतं. वर्षाला तीन-चार सुटी गाणी. मग तीच गाणी आणि भरतीची आणखी चार मिळून एक अल्बम, आणि त्या एका अल्बमची पाच वेष्टणं. एकावर ती हसते, एकावर रुसते, एकावर पाठमोरी, एकावर आरशात, आणि पाचव्यावर तिचे नुसतेच बूट. आतली गाणी तीच. चाहते पाचही घेतात, बुटांचा आधी संपतो. दर हजार पाकिटांतल्या काही भाग्यवान पाकिटांत तिच्या फोटोचं एक कार्ड निघतं. त्यावर तिची सही असते, तिच्या स्वतःच्या हातची.

ही तिच्या स्वतःच्या हातची सही माझी बायको करते.

दोघी सख्ख्या बहिणी. घरात थोरली आणि धाकटी. बाहेर धाकटीला निराळं नाव आहे, ते कंपनीनं ठेवलेलं आणि रीतसर नोंदवलेलं, त्यामुळे तिला स्वतःला ते कुठे छापायचं झालं तरी परवानगी काढावी लागते. थोरली शाळेच्या कचेरीत होती. शाळा सोडल्याचे दाखले, बक्षिसांची प्रमाणपत्रं, फळ्यावरचा सुविचार, सगळं तिच्या अक्षरात. पोरं नापास झाली तरी निकालपत्रक जपून ठेवत. मी विजेचे मीटर वाचायचो. माझ्या अक्षराबद्दल एवढंच सांगतो, की आमच्या लग्नाची नोंदणी झाली तेव्हा माझी सही पाहून कारकून म्हणाला, "पेन चालतंय ना? आता सही करा."

सह्यांचं प्रकरण दुसऱ्या अल्बमच्या वेळी सुरू झालं. धाकटी तापानं फणफणलेली आणि चारशे कार्डं दुसऱ्या दिवशी विमानात चढायची होती. "ताई, एवढी एकदा," ती म्हणाली. थोरली बसली. धाकटीची सही समोर ठेवली. ती सही म्हणजे कोंबडीचे पाय, आणि कोंबडीही घाईत. थोरलीनं पहिली पन्नास कार्डं प्रामाणिकपणे तशीच काढायचा प्रयत्न केला, पण तिच्या हाताला वाकडं वळणच येईना. शंभराव्या कार्डापर्यंत तिनं ती सही सुधारून टाकली. सुरुवातीला एक मोठी कमान, मधे घसरगुंडी, आणि शेवटी रेघ वर उचलून एवढासा फराटा, पंख उघडलेल्या पक्ष्यासारखा.

तो पक्षी चाहत्यांना आवडला. पुढच्या वर्षी तो टोप्यांवर आला. मग मैफलीत हलवायच्या दिव्यांवर, मग दौऱ्याच्या बसवर, सहा फुटांचा. थोरली भाजी घ्यायला जाते तेव्हा समोरच्या पोरीच्या पाठीवर तिचा फराटा असतो. ती फक्त बघते आणि म्हणते, "शेपूट जाड छापलंय."

आता पंखा. सही चंदेरी शाईची असते. ती वाळायला चार मिनिटं लागतात आणि तोवर कार्डाला वारा लागू द्यायचा नाही, नाहीतर कार्ड उडून शेजारच्या कार्डाच्या गालाला गाल लावतं. त्यामुळे अल्बमच्या दिवसांत जेवायचं टेबल, दोन्ही पलंग, इस्त्रीची फळी आणि फ्रिजचं डोकं यांवर धाकटी वाळत पडलेली असते, आणि आम्ही दोघं घामाघूम होऊन उभ्यानं जेवतो.

ही खोकी आणतो आणि नेतो तो माणूस कंपनीचा प्रसिद्धी अधिकारी. त्याचा हुद्दा कार्डावर दोन ओळींचा आहे, त्यातला 'आशिया' तेवढा आमच्या लक्षात राहिला. चाळिशीचा, किडकिडीत, तीन फोन. एका फोनवर पूर्वेकडची सकाळ असते, दुसऱ्यावर पश्चिमेकडची दुपार, आणि तिसरा त्याच्या आईचा, तो तो उचलत नाही. आमच्या घरात, "आशिया आला," "आशियाला चहा टाक," "आज आशिया फार उतरलाय," अशी वाक्यं सहज बोलली जातात. तोही ओ देतो.

गेल्या वर्षी थोरलीचं मनगट गेलं. डॉक्टर म्हणाले, "लिहिणं बंद." ती म्हणाली, "बरं." आणि पट्टा बांधून सहा हजार कार्डं केली.

मग यंदा ती चूक झाली.

अल्बमचं तिसरं गाणं चालेना. यादीत सतराव्या क्रमांकावर आलं आणि तिथून खाली बघू लागलं. कंपनीतल्या वरच्यांनी ठरवलं, धाकटीला चाहत्यांसमोर बसवायचं. दोनशे निवडक चाहते, मोठ्या दुकानाच्या तळमजल्यावर, प्रत्येकाच्या अल्बमवर समोरासमोर सही. नऊ वर्षांत असा कार्यक्रम झाला नव्हता. कंपनीत चाळीस माणसं. त्यांतल्या सदतीस जणांना थोरली माहीतच नव्हती. उरलेल्या तिघांपैकी प्रत्येकाला वाटलं, हे दुसऱ्यानं सांगितलं असेल.

आणि धाकटी? ती त्या दिवशी आठवड्यातल्या तिसऱ्या देशात उठली होती. समोर पहिला अल्बम आला, हातात पेन आलं आणि तिनं सही केली. स्वतःची. कोंबडीचे पाय, दोनशे वेळा.

संध्याकाळपर्यंत त्या सह्या जुन्या सह्यांशेजारी ठेवून, मोठ्या करकरून, सगळीकडे फिरल्या. कुणी म्हणेल, लोकांना खरं कळलं असेल. छे. एका चाहतीनं नऊ पानी टिपण लिहिलं. कमान ढासळली आहे, दाब क्षीण आहे, रेघ खाली कलते आहे, आणि शेवटचा पक्षी उडून गेला आहे. निष्कर्ष: आपली लाडकी इतकी दमली आहे की तिच्यात स्वतःची सही करण्याचंही त्राण उरलेलं नाही. दुसऱ्या दिवशी अकराही बाजारपेठांत एकच घोषणा सुरू झाली. 'तिला झोपू द्या.'

तिसऱ्या दिवशी आशिया धाकटीला घेऊन आमच्या दारात.

धाकटी आत आली, चप्पल काढली आणि रिकाम्या खोक्यावर बसली. तिचं वय तेहतीस. कंपनीच्या कागदावर सत्तावीस. त्या दिवशी दोन्ही खोटी वाटत होती.

"भाऊजी, लोक म्हणतात मी दमलेय."

"मग?"

"दमलेच आहे हो. अकरा वर्षं दमलेय. पण सहीचं तसं नाही. माझी सही पहिल्यापासूनच तशी आहे."

"हे मी तू शाळेत असल्यापासून सांगतेय," आतून थोरलीचा आवाज आला. "दुरेघी वही आणून दिली होती. त्यात चित्रं काढलीस."

आशियानं बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. शनिवारी सकाळी थेट प्रक्षेपण आहे. धाकटीनं सगळ्यांसमोर एक सही करायची. "सही जमली की अफवा संपली. मग पुढची सात शहरं ठरल्याप्रमाणे."

"आणि नाही जमली तर?" मी विचारलं.

"तर काका, वरच्यांना विश्रांती जाहीर करावी लागेल. निदान सहा आठवडे." हे तो एखाद्या साथीच्या रोगाबद्दल सांगावं तसं म्हणाला.

धाकटीनं मान वर केली. "सहा आठवडे?"

"निदान."

 मी मीटर वाचलेला माणूस आहे, काटा हललेला मला दिसतो.

"आणि ताई," आशिया थोरलीकडे वळला, "यांना तुमची सही आली की पुढच्या वेळेपासून कार्डं याच करतील. तुमचं मनगट सुटलं. वरच्यांनी कबूल केलंय."

थोरलीनं आपल्या पट्टा बांधलेल्या हाताकडे पाहिलं, मग बहिणीकडे. "बस इथं," ती म्हणाली. "पेन असं धरू नकोस, चमचा नाहीये तो."

गुरुवार आणि शुक्रवार आमच्या घरी शाळा भरली. थोरलीच्या शिकवण्यात दयामाया नाही. खोटं काम असलं तरी ते नीटच झालं पाहिजे, असं तिचं मत. तिनं कागदावर ठिपके काढून दिले, धाकटीनं ते जोडायचे.

"कमान. वर जा. अजून वर. श्वास घे आणि खाली ये. आता पक्षी."

"ताई, हा पक्षी तू मुळात काढलासच का?"

"हात वर उचलायचा होता. पुढचं कार्ड घ्यायला."

"म्हणजे तो पक्षी नाहीच?"

"लोक म्हणतात पक्षी, तर पक्षी. काढ."

धाकटी काढायची. तिचा पक्षी कधी चमचा व्हायचा, कधी चप्पल. दुपारी कागदावर गाल टेकून तिला झोप लागायची आणि गालावर ठिपके उमटायचे. थोरली तिला उठवायची, आणि उठवण्याआधी मिनिटभर थांबायची. पहिल्या दिवशी एक मिनिट. दुसऱ्या दिवशी मी घड्याळ पाहिलं, वीस मिनिटं. आशिया मधल्या खोलीत तिन्ही फोन पोटावर ठेवून बसल्या बसल्या घोरत होता.

शुक्रवारी उठल्यावर धाकटी म्हणाली, "तुला काय आठवतं गं, मी गाणं का सुरू केलं?"

"आवाज मोठा होता म्हणून. आई म्हणायची, हिला कुठेतरी लावा."

दोघी हसल्या, मग थोरलीनं नवा कागद पुढे सरकवला.

शनिवारी सकाळी सातला आम्ही तिघं चहाला बसलो होतो. आशिया अंघोळीला गेला होता. धाकटीचे डोळे अर्धे मिटलेले. डाव्या हातात कप, उजव्या हातात पेन, समोर रद्दी वर्तमानपत्र. ती तंद्रीतच होती. हात आपला आपण निघाला. कमान, घसरगुंडी, आणि शेवटी रेघ वर उचलून पक्षी.

मी नऊ वर्षं त्या सहीसाठी उकडून घेतलंय. फरक असता तर मला दिसला असता.

धाकटीनं डोळे उघडून ती पाहिली. तिचा चेहरा शाळेतल्या पोरीसारखा पडला, वहीत बरोबर उत्तर आलंय आणि ते नको होतं, तसा. हसली नाही. "आली," एवढंच म्हणाली.

थोरलीनं तो कोपरा आपल्याकडे ओढला. बघत राहिली. मला वाटतं तिनं आधी दोष शोधला. सवयच तिची. मग तिनं कागदाचा तेवढा तुकडा फाडला, चुरगाळला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला.

आशिया केस पुसत आला. "काय ताई? जमतंय का?"

"नाही जमत," थोरली म्हणाली.

आमच्या संसारात तिनं तोंडानं खोटं बोलल्याचं मला आठवत नाही. हातानं पन्नास-साठ हजार वेळा बोलली असेल, पण तोंडानं ही पहिलीच वेळ, त्यामुळे तिला ते नीट येत नव्हतं. ती भांड्यांकडे बघून बोलली.

"जराही नाही?"

"तिचा हात तसा नाहीच. मी दोन दिवस डोकं फोडलं."

"पण ताई, मग तुमचं मनगट..."

"मनगटाचं मी बघेन."

आशियानं ओट्यावरचा चहाच्या पुडीचा कागद टाकायला डब्याचं झाकण उघडलं आणि तसाच उभा राहिला. वाकला, तो चुरगाळलेला तुकडा उचलला, मांडीवर घासून सरळ केला. आम्ही तिघं श्वास धरून बसलो. त्यानं सही पाहिली. थोरलीकडे पाहिलं. खिशातला कामाचा फोन थरथरत होता, आणि त्यानं तो पहिल्यांदाच वाजू दिला.

मग त्यानं तुकड्याची चौपदरी घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली.

"खरंय," तो म्हणाला. "नाहीच जमत."

ते दोघं गेले. दहा वाजता आम्ही टीव्हीसमोर बसलो. धाकटीला पांढरे कपडे घातले होते, मागे फुलं. सूत्रसंचालक इतक्या हळू आवाजात बोलत होता की जणू ती आजारी आहे आणि तो भेटायला आलाय. समोर अल्बम ठेवला, पेन दिलं. कॅमेरा हातावर आला.

थोरलीनं माझं मनगट धरलं. आपल्या वाईट हातानं.

कारण धाकटी गुणी पोरगी आहे. अकरा वर्षं जिथे सांगितलं तिथे उभी राहिली, जेव्हा सांगितलं तेव्हा हसली. शिकवलेलं विसरून दाखवायची तिला सवय नाही. पेन टेकलं आणि कमान निघाली, सुंदर, वर, अजून वर.

"अगं, थांब," थोरली टीव्हीला म्हणाली.

कमानीच्या माथ्यावर हात थांबला. तिथून पुढे तो ठिपके सोडून निघाला, वाकडातिकडा, घाईघाईनं, आणि रेघ कागदाच्या कडेवरून खाली जाऊन टेबलावर उतरली. पक्षी नाही, पक्ष्याचं पीसही नाही. सूत्रसंचालकानं डोळे पुसले. तासाभरात वरच्यांनी चाहत्यांच्या प्रेमाचा मान राखून आठ आठवड्यांची विश्रांती जाहीर केली. गाणं सतराव्यावरून चौथ्यावर आलं.

धाकटी रविवारी आमच्याकडे आली, आतल्या खोलीत आडवी झाली आणि झोपली. जेवायला उठायची, दोन घास खायची, परत झोपायची. थोरली दारातून डोकावायची आणि मला सांगायची, "कूस बदलली." मी बातमी ऐकल्यासारखी मान हलवायचो. नऊ दिवस घरात पंखा फिरत होता. मला त्याचा आवाजही नवा वाटला.

दहाव्या दिवशी दुपारी आशिया आला. बरोबर चार खोकी.

"नाही," मी दारातच म्हणालो.

"काका, ऐकून तरी घ्या. विश्रांती आवृत्ती. तेच गाणं, जरा सावकाश. पांढरं वेष्टण, आत उशीचा फोटो." त्यानं आवाज खाली आणला. "चार हजार कार्डं. सही मात्र ती हवीय. दमलेली. सगळ्या बाजारपेठांनी तीच मागितलीय. पक्षी चालणार नाही."

तिघांनीही आतल्या दाराकडे पाहिलं. आतून धाकटीचा श्वास ऐकू येत होता, लांब आणि संथ.

"तिला उठवायचं नाही," थोरली म्हणाली.

"मीही तेच म्हणतोय. पण परवाचं विमान आहे, ताई."

थोरलीनं पंखा बंद केला, पट्टा बांधला आणि बसली. पहिलं कार्ड घेतलं. कोंबडीचा पाय काढायला गेली तर मोराचा निघाला. दुसरं घेतलं, डोळे मिटून केलं. डोळे मिटूनही कमान गोल आली. डाव्या हातानं करून पाहिलं, तर डाव्या हाताचंही अक्षर देखणं. नऊ वर्षं सुधारत आणलेली सही तिला एका दुपारी बिघडवता येईना. वीस कार्डं वाया गेली. तिचा हात थरथरायला लागला तेव्हा मला वाटलं, आता तरी जमेल. पण थरथरसुद्धा ओळीत आली.

"अगं दे इकडे," मी म्हणालो. "एवढं काय अवघड आहे त्यात?"

"तुम्ही नका मधे पडू. कार्डं मोजून दिलीत."

मी पेन घेतलं आणि केली. पेन कसं धरलंय हेही नीट न पाहता केली.

आशियानं कार्ड उचललं. फोनवरच्या फोटोशेजारी धरलं. उजेडात नेलं, परत आणलं.

"काका."

"काय?"

"आणखी एक करा."

केली.

"हुबेहूब," तो पुटपुटला. "अहो, दाबसुद्धा क्षीण आहे."

थोरलीनं दोन्ही कार्डं हातात घेतली. शाळेच्या कचेरीतली तिची नजर त्यांच्यावरून फिरली आणि मला एकदम अठ्ठावीस वर्षांपूर्वीचा तो कारकून आठवला. "इतकं वाईट," ती म्हणाली, "ठरवून नाही येत माणसाला." तिच्या तोंडून माझ्या अक्षराचं एवढं कौतुक मी प्रथमच ऐकलं.

मग ती उठली. पट्टा सोडून खुंटीला अडकवला. आतल्या खोलीत गेली, धाकटीला जरा सरकवलं आणि तिच्या शेजारी आडवी झाली. आतला पंखा सुरू झाल्याचा आवाज आला. क्षणभरानं ती परत उठून दारापाशी आली, वारा बाहेर येऊन कार्डं उडू नयेत म्हणून दार लोटून घेतलं.

तेव्हापासून आम्ही दोघं बाहेर. मी सही करतो, आशिया कार्डं वाळत घालतो. टेबल, बाहेरचा पलंग, इस्त्रीची फळी, फ्रिजचं डोकं. त्यानं तीनपैकी दोन फोन बंद केलेत आणि तिसऱ्यावर आईशी बोलतो, "हो, जेवलो. हो, बसूनच काम आहे." घामानं दोघांचेही शर्ट पाठीला चिकटलेत. आतून दोघींचा श्वास एका लयीत येतो.

अकराशेच्या पुढे गेल्यावर त्यानं एक कार्ड उचललं आणि बराच वेळ निरखलं.

"काका, जरा सांभाळून," तो म्हणाला. "तुमची सुधारत चाललीय."